शिकाऱ्याला शेतात वाट द्यावी काय? रानडुकरांचा उपद्रव, कायदा आणि पैशाचा मोह

आश्विन सरून कार्तिक लागला की तुमसर तालुक्यातील बांध्यांमध्ये हलके धान कापणीला येते आणि भारी धानाच्या लोंबीत दाणा भरू लागतो. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल याच दिवसांत ठरते. परंतु तालुक्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या रांगेला आणि बावनथडीच्या खोऱ्याला लागून असलेल्या गावांत या दिवसांत रात्री कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. माचाणावर कंदील टांगून, डबा वाजवीत, आरोळ्या देत जागल करावी लागते. पहाटे जरा डुलकी लागली की तेवढ्यात रानडुकरांचा कळप शिरतो आणि उजाडल्यावर बांधीत नांगर फिरवल्यासारखी अवस्था दिसते.

आमच्याशी बोलताना या भागातील काही शेतकरी बांधवांनी एक प्रश्न विचारला. बाहेरगावची काही मंडळी येतात आणि म्हणतात, "तुमच्या शेतात आम्हाला एक-दोन रात्री बसू द्या. डुक्कर आम्ही मारू, वर तुम्हाला पैसेही देऊ." पीक वाचते आणि हाती रोख रक्कमही येते, मग यात वावगे काय? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला "पाप आहे, करू नका" एवढे एकच उत्तर देऊन भागणार नाही. म्हणून या लेखात आम्ही हा विषय सर्व बाजूंनी समजावून देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

रानडुक्कर शेतात का येते?

रानडुकराने पिकाची नासाडी करावी ही तक्रार आजची नाही. स्तोत्रसंहितेतील ऐंशीव्या स्तोत्रातही द्राक्षमळा उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकराचा उल्लेख येतो. हा प्राणी सर्वभक्षी आहे. कंदमुळे, किडे, गांडुळे, पडलेली फळे, धान्य असे काहीही त्याला चालते. नाकाडाने जमीन उकरण्याची त्याची शक्ती विलक्षण असते. दिवसा तो झुडपांत किंवा बोडीच्या काठी चिखलात लोळून असतो आणि अंधार पडल्यावर कळपाने बाहेर पडतो. मादीचा गर्भकाळ चार महिन्यांपेक्षा थोडा कमी असतो आणि एका वेळी चार-सहा पिले सहज होतात. खायला भरपूर मिळाले की ही संख्या झपाट्याने वाढते.

धानाच्या लोंबीत दूध भरण्याच्या सुमारास बांधीत ओलावा असतो, दाणा गोड असतो आणि उभ्या पिकात लपायला जागा मिळते. कळप जेवढे खातो त्याहून कितीतरी अधिक तुडवितो व लोळून आडवे करतो. धान निघाल्यावर धुऱ्यावरची तूर, मग हरभरा आणि गहू अशी ही रांग पुढे चालू राहते. म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने हा एका रात्रीचा चोर नसून वर्षभराचा भागीदार आहे.

त्याच वेळी हेही ध्यानात ठेवले पाहिजे की रानडुक्कर हा आपल्या जंगलाचा मूळ रहिवासी आहे. वाघ, बिबट आणि रानकुत्रे त्याच्यावर जगतात. नागझिरा, कोका, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला ही सगळी वने आपल्या परिसरातीलच आहेत, आणि त्यांच्यामध्ये वाघाचा जो ये-जा करण्याचा मार्ग आहे तो आपल्याच गावांच्या शिवारांतून जातो.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली झाला. त्याच्या कलम ९ नुसार अनुसूचीत नोंदविलेल्या वन्यप्राण्याची शिकार करण्यास मनाई आहे. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, ते दुसऱ्या अनुसूचीत गेले. रोही म्हणजे नीलगाय हीसुद्धा संरक्षित आहे. शिकार या शब्दाचा कायदेशीर अर्थही व्यापक आहे. केवळ गोळी घालणे नव्हे, तर फासा लावणे, विष घालणे, सापळ्यात पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हे सर्व त्यात मोडते.

या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे आमच्या शेतकरी बांधवांनी कलम ५२ विशेष लक्षात घ्यावे. गुन्ह्याला साहाय्य करणाऱ्यानेही तो गुन्हा केला असेच या कलमानुसार मानले जाते. "मी तर बंदूक हातातही घेतली नाही, केवळ शेतात बसू दिले," हा बचाव त्यामुळे टिकत नाही. पैसे घेऊन वाट देणारा हा त्या गुन्ह्यातील सहभागी ठरतो. शिकारी रातोरात निघून जातात. सातबारा मात्र शेतकऱ्याच्या नावाचा असतो आणि पंचनामा त्याच्याच बांधीत होतो.

मग शेतकऱ्याने हात बांधून बसावे काय? तसेही नाही. याच कायद्याचे कलम ११ सांगते की दुसऱ्या अनुसूचीतील एखादा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने, कारणे नमूद करून, ठरावीक क्षेत्रात त्या प्राण्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. मालमत्ता या शब्दात शेतातील उभे पीक स्पष्टपणे समाविष्ट आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली शासन निर्णय काढून रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत ही परवानगी वनक्षेत्रपालाच्या पातळीवर मिळण्याची व्यवस्था केली.

परंतु या परवानगीलाही मर्यादा आहेत. ती नुकसान झालेल्या शेतापुरती असते, जंगलात पाठलाग करण्यासाठी नसते. शस्त्र परवान्याचे असावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कलम ३९ नुसार मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. त्याचे मांस वाटून घेता येत नाही आणि विकता तर मुळीच येत नाही. शिकारीसाठी पैसे मोजणाऱ्या माणसाला हवे असते ते मांस किंवा शिकारीची मौज. कायद्याने ती दोन्ही त्याला मिळत नाहीत. म्हणजेच शेतकऱ्याजवळ विकण्यासारखे काही उरतच नाही. जो पैसे देऊ करतो तो या कायद्याबाहेरच्या वस्तूचीच किंमत देत असतो.

आपल्याकडचे जुने दिवस

पैसे देऊन शिकार करण्याची प्रथा आपल्या विदर्भाला अपरिचित नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत वनखाते शिकारीसाठी जंगलाचे ब्लॉक ठरवून देत असे आणि नागपूरच्या ऑल्विन कूपर या कंपनीसारख्या संस्था परदेशी पाहुण्यांना येथील जंगलांत वाघाच्या शिकारीसाठी आणीत. शुल्क शासनाला जाई, नफा कंपनीला जाई आणि गावकऱ्याच्या वाट्याला हाक्याची मजुरी येई. शेताचे नुकसान मात्र त्याचे त्यानेच सोसायचे. वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली आणि दोन वर्षांनी आजचा कायदा झाला. ज्याच्या शेतातून शिकार होते त्यालाच सर्वांत कमी मिळते, हा त्या काळचा धडा आजही उपयोगी आहे.

परदेशात हा व्यवहार कसा चालतो?

काही देशांत शेतकऱ्याला पैसे देऊन शिकार करणे ही कायदेशीर आणि रुळलेली गोष्ट आहे. तिची रचना समजून घेणे उद्बोधक ठरेल.

जर्मनीत १८४८ च्या क्रांतीपूर्वी शिकारीचा हक्क प्रामुख्याने सरदार-उमरावांचा होता. त्यांची हरणे आणि डुकरे शेते फस्त करीत आणि शेतकऱ्याला काठी उगारण्याचीही मुभा नसे. क्रांतीने हा हक्क जमिनीच्या मालकाला दिला. आज तेथे साधारणपणे ७५ हेक्टरांहून अधिक सलग जमीन असलेला मालक स्वतःचे शिकारक्षेत्र राखू शकतो. लहान शेतकऱ्यांची मिळून गावाची शिकार-मंडळी बनते. ही मंडळी आपले क्षेत्र परवानाधारक शिकाऱ्याला अनेक वर्षांच्या खंडाने देते आणि येणारी रक्कम जमिनीच्या प्रमाणात सभासदांत वाटली जाते. खरी मेख पुढे आहे. डुकराने किंवा हरणाने पिकाचे नुकसान केले तर त्याची भरपाई देण्याची जबाबदारी या मंडळीवर असते आणि करारान्वये ती बहुधा खंडकरी शिकाऱ्यानेच उचललेली असते. त्यामुळे डुकरांची संख्या आटोक्यात ठेवण्यातच शिकाऱ्याचे हित असते.

अमेरिकेतील टेक्सास राज्याची गोष्ट वेगळी. तेथील रानटी डुकरे मूळची नव्हेत; युरोपीय वसाहतवाल्यांनी आणलेल्या डुकरांची ती संतती आहे. तेथे जमीनमालक शिकाऱ्यांकडून शेतात येण्याचे शुल्क घेतो आणि २०११ च्या कायद्याने हेलिकॉप्टरमधून डुकरे टिपण्यासाठी जागा विकण्यालाही मुभा मिळाली. तरीही डुकरे संपलेली नाहीत. कारण उघड आहे. ज्या प्राण्यापासून उत्पन्न मिळते तो प्राणी समूळ नाहीसा व्हावा असे कुणाला वाटेल?

टेनेसी राज्याचा अनुभव तर डोळे उघडणारा आहे. तेथे १९९९ साली डुकरांची शिकार सर्वांसाठी खुली करण्यात आली. अपेक्षा अशी की शिकारी उपद्रव कमी करतील. घडले उलटेच. शिकारीची हौस भागावी म्हणून लोकांनी डुकरे नव्या भागांत नेऊन सोडली आणि ती राज्यभर पसरली. अखेर २०११ मध्ये हे धोरण मागे घ्यावे लागले. मिझुरी राज्याच्या वनखात्याने तर आपल्या जमिनींवर डुकरांच्या हौशी शिकारीलाच बंदी केली. एखादे डुक्कर पडते, परंतु उरलेला कळप फुटून चारी दिशांना विखुरतो आणि मग तो पकडणे अधिक कठीण होते, हे त्यामागचे कारण.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पैसा कशासाठी दिला जातो यावर सर्व अवलंबून आहे. नुकसान कमी करण्यासाठी दिला तर तो शेतकऱ्याच्या बाजूने काम करतो. शिकारीच्या मौजेसाठी दिला तर तो डुकराच्या बाजूने काम करतो.

आपल्या देशातील प्रयोग आणि मतभेद

आपल्याकडेही यावर मोठी चर्चा झालेली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर यांना वर्षभरासाठी उपद्रवी प्राणी घोषित केले. २०१६ च्या प्रारंभी उत्तराखंडमध्ये रानडुकराबाबत असेच झाले. त्याच वर्षी जून महिन्यात बिहारमधील रोह्यांच्या आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील रानडुकरांच्या हत्येवरून मनेका गांधी आणि तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर या केंद्रातील दोन मंत्र्यांतच जाहीर वाद झाला.

केरळने आणखी वेगळी वाट निवडली. मे २०२२ मध्ये तेथील शासनाने ग्रामपंचायत अध्यक्षांना आणि नगराध्यक्षांना आपल्या हद्दीतील उपद्रवी रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार दिला. यादीवरील परवानाधारक नेमबाजच हे काम करतात. तेथे पैसा शिकाऱ्याकडून शेतकऱ्याकडे जात नाही. नेमबाजाला मानधन मिळते आणि मारलेले डुक्कर पुरले जाते. मांसाचा मोहच नाहीसा केल्यामुळे हौशी शिकाऱ्याला तेथे स्थान उरत नाही.

ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी याही पुढे जाऊन, स्वीडन-नॉर्वेसारख्या देशांचा दाखला देत, स्थानिक लोकांच्या व्यवस्थापनाखाली मर्यादित शिकारीला मान्यता असावी असे मत मांडले होते. वन्यजीवप्रेमी संघटनांचा त्याला तीव्र विरोध आहे. एकदा दार उघडले की डुकराच्या नावाखाली इतर प्राणीही मारले जातील ही त्यांची भीती निराधार नाही. या वादात अंतिम निर्णय संसदेचा आहे. तो बदलेपर्यंत आजचा कायदा आपणा सर्वांना बंधनकारक आहे.

पैशाचा हिशेब

आता साध्या आकड्यांत पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. समजा, कळपाने एका शेतकऱ्याचे चार क्विंटल धान नासविले, तर नुकसान ९,४७६ रुपयांचे झाले. शिकाऱ्याने एका रात्रीचे हजार-दोन हजार हातावर ठेवले तरी ती भरपाई होत नाही. शिवाय एक डुक्कर मेले तरी कळपातील बाकीची पुढल्या रात्री शेजाऱ्याच्या बांधीत हजर होतात. एकाने पैसे घ्यायचे आणि दुसऱ्याने नुकसान सोसायचे, असा हा व्यवहार गावात वैर निर्माण करतो.

आणि पकडले गेल्यास? वकील, जामीन, न्यायालयाच्या तारखा यांत दोन-चार एकरांचा शेतकरी किती वर्षे अडकून पडेल याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरातील लेकरांकडे पाहून करावा.

तारेचा मोह, त्याहून भयंकर

शिकारीचा विषय निघाला की आम्हाला विजेच्या तारेबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. रानडुकरासाठी शेताभोवती किंवा पायवाटेवर उघडी तार ओढून तीत थेट विद्युतप्रवाह सोडण्याचा प्रकार विदर्भात ठिकठिकाणी घडतो. ही तार डुक्कर आणि माणूस असा भेद करीत नाही. पहाटे मोहफुले वेचायला निघालेली बाई, बैल सोडायला गेलेला मुलगा, पाणी पाहायला आलेला शेजारी यांपैकी कुणीही तिच्यावर पडू शकतो. तार लावणाऱ्याच्याच घरचा माणूस तिला चिकटून मरण पावल्याच्या वार्ता आपण वाचतो.

वाघही तिच्यातून सुटत नाही. उमरेड-कऱ्हांडल्याचा प्रसिद्ध वाघ जय याचा छावा श्रीनिवास एप्रिल २०१७ मध्ये नागभीड परिसरात अशाच तारेने मेला. जानेवारी २०२५ मध्ये तर आपल्या तुमसर वनपरिक्षेत्रातच तुकडे केलेल्या अवस्थेत वाघाचा मृतदेह सापडला. रानडुकरासाठी लावलेल्या विजेच्या तारेत तो अडकला आणि भीतीपोटी त्याचे तुकडे करून टाकण्यात आले, असे तपासातून पुढे आले. वाघ पहिल्या अनुसूचीत असल्याने या गुन्ह्याला किमान तीन वर्षे कारावासाची शिक्षा आहे. डुकराच्या मागे लागून वाघाच्या गुन्ह्यात अडकण्याचे संकट किती जवळ आहे हे यावरून कळावे.

सौर कुंपण आणि ही मरणतार यांतील फरक पुष्कळांना ठाऊक नसतो. सौर कुंपणाच्या यंत्रातून प्रवाह अखंड वाहत नाही. साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्या अगदी लहान अंशापुरता झटका येतो. प्राण्याला तो चांगलाच जाणवतो व तो मागे फिरतो, परंतु जीव जात नाही. घरगुती विजेचा प्रवाह अखंड असतो. तो स्नायू आखडून धरतो आणि सुटका होऊ देत नाही. म्हणून सौर यंत्राऐवजी खांबावरची वीज जोडणे म्हणजे कुंपण नव्हे, तो सापळा होय.

मग शेतकऱ्याने करावे काय?

पहिली गोष्ट, नुकसान झाले की गप्प बसू नये. वन विभागाकडे तीन दिवसांच्या आत तक्रार नोंदवावी, त्याची पोच घ्यावी, शेताची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि पंचनामा होईपर्यंत बांधी तशीच राहू द्यावी. रक्कम थोडी मिळते, उशिरा मिळते, ही तक्रार खरी आहे. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबाच्या पश्चिम सीमेवरील गावांत केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, डोळ्यांना दिसणाऱ्या नासाडीवरून केलेला अंदाज प्रत्यक्ष घटलेल्या उत्पन्नापेक्षा कमी पडतो असे दिसून आले. परंतु तक्रारच नोंदविली नाही तर कागदोपत्री आपले गाव निरुपद्रवी ठरते, आणि पुढे कोणतीही योजना त्या गावापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट, पीकविमा. वन्यप्राण्यांमुळे होणारे पिकाचे नुकसान प्रधानमंत्री पीकविमा योजनेत २०२६ च्या खरिपापासून समाविष्ट करण्याचे केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे यात येतील हे राज्य शासनाने अधिसूचित करावयाचे आहे. नुकसानीची माहिती ७२ तासांच्या आत, विमा योजनेच्या मोबाइल अॅपवर, स्थळदर्शक छायाचित्रासह द्यावयाची आहे. ज्या घरात शिकलेली मुले आहेत त्यांनी शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याला यासाठी मदत करावी. हीही एक सेवाच आहे.

तिसरी गोष्ट, उपद्रव असह्य असेल तर परवानगीसाठी वनक्षेत्रपालांकडे लेखी अर्ज करावा, आणि शक्यतो एकट्याने नव्हे तर ग्रामसभेच्या ठरावासह करावा. एकाच्या अर्जापेक्षा गावाच्या ठरावाला वजन असते. परवानगी मिळाल्यास काम वन विभागाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक व्यक्तीकडूनच व्हावे. मेलेल्या जनावराला वन विभागाचा पंचनामा होईपर्यंत कुणी हात लावू नये.

चौथी गोष्ट, सामूहिक कुंपण. एकट्या शेताला कुंपण घातले तर डुक्कर शेजारच्या शेतात जाते. सलग शिवाराला घातले तर ते जंगलाकडे वळते. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून वनालगतच्या पात्र गावांना सौर कुंपणासाठी साहाय्य मिळते. आपले गाव तीत बसते काय याची चौकशी गावच्या वन व्यवस्थापन समितीमार्फत करावी. जागलही पाळीपाळीने केली तर प्रत्येकाला आठवड्यातून काही रात्री तरी झोप मिळते.

समारोप

ज्याला रात्र रात्र जागून पहाटे तुडविलेले धान पाहावे लागते त्याला "प्राण्यांवर दया करा" असे दुरून सांगणे सोपे आहे. आम्ही तसे सांगू इच्छित नाही. वनाचे रक्षण हे सर्व समाजाचे काम असेल तर त्याचा खर्चही सर्व समाजाने उचलला पाहिजे. तो जंगलाकाठच्या गरीब शेतकऱ्याच्या बांधीतून वसूल होता कामा नये. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळावी ही मागणी न्याय्य आहे आणि ती आपण एकमुखाने केली पाहिजे.

परंतु रात्री गाडी घेऊन येणारा आणि नोटा पुढे करणारा माणूस हे त्या अन्यायाचे उत्तर नव्हे. तो डुक्कर घेऊन जाईल आणि गुन्हा शेतकऱ्याच्या दारात टाकून जाईल. तेव्हा वाचकहो, असा माणूस आपल्या शिवारात आला तर त्याला नम्रपणे परत पाठवावे, दुसऱ्या दिवशी चार शेजारी गोळा करावेत आणि अर्ज घेऊन वन विभागाच्या कार्यालयात जावे. वाट लांबची आहे, हेलपाटे पडतील. पण त्या वाटेने गेलेला शेतकरी रात्री आपल्या घरी परत येतो.